मागच्याच्या वाट्याची धूळ

थ्रेड : कापूस, चाक आणि रस्ता – खानदेशातील दोनशे वर्षे

१/ बोदवडच्या बाजाराकडे कापूस घेऊन निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर ताडपत्री ताणून बांधलेली असते. कापसाचा हंगाम बहुतांशी कोरड्या दिवसांतला, त्यामुळे ती केवळ पावसासाठी नसते. ट्रॅक्टरची मोठी चाके कच्च्या वाटेवर जो धुरळा उठवतात, तो हुकाने जोडलेल्या ट्रॉलीवरच येऊन बसतो. पुढचे चाक रस्ता उधळते आणि त्याची किंमत मागचा मोजतो. गोष्ट एवढीशी दिसते. पण या धुळीपायी कायदे झाले, लोहमार्गाचे समर्थन झाले आणि या प्रदेशातील शेतकऱ्याच्या प्रामाणिकपणावरही शंका घेतली गेली.

२/ हा प्रश्न जगात अन्यत्रही आहे. अमेरिकेत राहण्याची सोय असलेली मोठी मोटार, म्हणजे मोटरहोम, घेऊन प्रवासाला निघणारी कुटुंबे अनेकदा तिच्यामागे आपली लहान मोटार ओढत नेतात. मोटरहोमच्या मागील चाकांनी उडवलेल्या खड्यांनी त्या लहान मोटारीची काच तडकते, रंग उडतो. रस्त्यावरची सुटी गाडी निदान अंतर राखू शकते. जोडलेल्या गाडीला ते स्वातंत्र्य नसते. पुढचा जेथून जाईल तेथून, तो जे उडवील ते झेलत, तिला जावेच लागते.

३/ अशा गाडीच्या रक्षणाचे मार्ग तीनच. पहिला : मागच्याला झाकणे. दुसरा : पुढच्याच्या चाकापाशी अडसर लावणे. तिसरा : ज्या रस्त्यावरून धूळ वा खडा उठतो तो रस्ताच सुधारणे. खानदेशच्या कापसाने हे तिन्ही मार्ग अनुभवले आहेत. प्रत्येक वेळी खरा वाद एकच होता : उपायाचा खर्च कोणी करायचा आणि दोष कोणाच्या माथी मारायचा?

४/ प्रथम भूगोल. बोदवड हे खानदेशच्या पूर्व कडेवरचे गाव. त्यापलीकडे मलकापूर आणि वऱ्हाड. जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात फुफाटा. १८१८ नंतर खानदेश ब्रिटिश अमलाखाली आला, तर वऱ्हाड १८५३ च्या तहापर्यंत निजामाच्या कारभारात होते. राजकीय सीमा मध्ये असली तरी कापूस दोन्हीकडे तोच आणि त्याच्या वाटेवरची धूळही तीच.

५/ लोहमार्गापूर्वी हा कापूस प्रामुख्याने बैलांच्या पाठीवरून जाई. वऱ्हाडचा पुष्कळ माल तर उत्तरेला, गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे. १८७० च्या वऱ्हाड गॅझेटिअरनुसार विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी १८२५-२६ मध्ये मुंबईकडे कापूस पाठवण्यास प्रथम आरंभ केला. १,२०,००० पौंड कापूस आणि ५०० बैल! म्हणजे एका बैलावर २४० पौंड, सुमारे १०९ किलो.

६/ पाचशे बैलांची रांग डोळ्यांसमोर आणावी. बंजाऱ्यांच्या तांड्यात म्होरक्या बैल कवड्या-घुंगरांनी सजवलेला असे. त्याच्यापुढे मोकळी वाट असे. शेवटच्या बैलापुढे मात्र चारशे नव्व्याण्णव बैलांच्या खुरांनी उठवलेला धुरळा. प्रत्येक मुक्कामाला गोण्या उतरवून जमिनीवर ठेवायच्या आणि पहाटे पुन्हा लादायच्या. बोदवड ते मुंबई अंतर सुमारे पावणेपाचशे किलोमीटर. रोज पंधरा किलोमीटर चाल धरली तरी महिन्याभराची वाट. गोणीच्या सैल विणीतून या काळात किती माती आत जात असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

७/ पुढे घाटरस्ते सुधारले, मुंबई-आग्रा मार्ग धुळ्यावरून वाहता झाला आणि बैलगाड्यांची वर्दळ वाढली. ओझे वाढले, तशी धूळही वाढली. गाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची धाव बसवलेली असते. अरुंद धावेवर सारा भार येतो, तेव्हा तिच्याखाली मुरूम आणि खडी दळली जाते. मागची गाडी त्याच खाचेतून जाते आणि दळलेले आणखी बारीक करते. मराठीतला ‘चाकोरी’ हा शब्द याच खाचेचा. चाकोरी सोडावी तर चाक रुतते, न सोडावी तर पुढच्याची धूळ खावी लागते.

८/ येथे चाकाचा एक गुणधर्म ध्यानात घ्यायला हवा. बैलगाडीची गती मंद, त्यामुळे तिचे चाक दगड उडवीत नाही. ते दगडाचे पीठ करते आणि ते पीठ खूर व वारा उचलतात. म्हणून त्या युगात मागच्याच्या वाट्याला धूळ आली, खडा आला नाही. शिवाय कापसाची वेचणी शरदात सुरू होई आणि जूनच्या पावसाआधी माल बंदराला पोहोचवण्याची घाई असे. वर्षातील सर्वांत कोरड्या महिन्यांत सर्वाधिक गाड्या एकाच वाटेवर येत.

९/ मुंबईला आणि पुढे इंग्लंडमध्ये गासडी उघडली की आत माती, पाचोळा, सरकी सापडे. पश्चिम भारतातील बहुतेक कापसाला तिकडे ‘सुरत’ या एकाच नावाने ओळखत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकन यादवीमुळे तेथील कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हाच माल वापरावा लागला. धागा आखूड, कचरा फार. कामगारांच्या बोलीत ‘सुरत’ हा शब्द निकृष्टतेचा, जवळजवळ शिवीसारखा झाला. कापूस गेला खानदेश, वऱ्हाड, गुजरात आणि धारवाडचा. बदनामी एका शहराच्या नावाने झाली.

१०/ या मातीचा खुलासा सरकारने कायद्याच्या भाषेत केला : भेसळ. मुंबई सरकारचे १८२९ चे तिसरे रेग्युलेशन कापसातील लबाडीला शिक्षा सांगते. १८६३ च्या नवव्या कायद्याने तपासनीस नेमले, कापूस दाबणाऱ्या प्रेसना परवाने लावले आणि तपासणीच्या खर्चासाठी निर्यात होणाऱ्या कापसावर शुल्क आकारले. म्हणजे स्वच्छ माल देणाऱ्यालाही तपासणीचा भार चुकला नाही. व्यापाऱ्यांच्या दीर्घ तक्रारींनंतर १८८२ मध्ये ही व्यवस्था गुंडाळण्यात आली.

११/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने घाईने एका बाजूला झुकू नये. भेसळ होत नव्हती असे नाही. वजन वाढवण्यासाठी पाणी शिंपडणे, सरकी आणि माती मिसळणे, चांगल्या रुईत हलकी रुई दडवणे, हे प्रकार खरोखर घडत. शेतकरी, दलाल, व्यापारी, प्रेसवाला अशा अनेक हातांतून माल जाई आणि लबाडीची संधी प्रत्येकाला होती. पण महिनाभराच्या वाटेवरची धूळही तितकीच खरी होती. उघडलेल्या गासडीत माती दिसत असे; ती कोणी घातली, हाताने की चाकाने, हे माती सांगत नसे.

१२/ कायद्याला मात्र गुन्हेगार लागतो आणि रस्त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता येत नाही. म्हणून रस्त्याच्या दोषाचा संशय माणसावर गेला. रस्ता बांधण्याची जबाबदारी ज्या सरकारची होती, तेच सरकार फिर्यादीच्या जागी होते. रांगेत मागे असलेल्याने धूळ खाल्लीच, शिवाय ‘तूच मळलेला आहेस’ हेही ऐकून घेतले.

१३/ याच काळात वेगळे निदान करणारा एक इंग्रज होता : जॉन चॅपमन. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, उभी करण्यासाठी झटलेल्यांपैकी तो प्रमुख. १८५१ मध्ये त्याने भारतातील कापूस आणि व्यापार या विषयावर ग्रंथ लिहिला. शेतापासून बंदरापर्यंतची वाहतूक सुधारली पाहिजे, हा त्याच्या मांडणीचा गाभा. अर्थात चॅपमन निःस्वार्थी साक्षीदार नव्हता; त्याला रेल्वे हवी होती आणि मँचेस्टरला कापूस. तरीही दोषाचे बोट माणसावरून वाटेकडे वळवण्याचे श्रेय त्याला द्यावे लागते.

१४/ १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे गाडी धावली. १८६५ मध्ये थळ घाटाचा मार्ग खुला झाला, १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोहोचला. भुसावळहून नागपूरकडे जाणारी ही वाट बोदवडला स्पर्श करून जाते. महिन्याचा प्रवास काही दिवसांवर आला. लोखंडी रुळावर लोखंडी चाक. दळायला माती नाही, उधळायला मुरूम नाही. चाकोरी होती, पण तिच्यातून धूळ उठत नव्हती. आता मागच्या डब्याला भीती उरली नसावी, असे वाटेल.

१५/ परंतु भीतीने केवळ रूप पालटले. धुळीच्या जागी ठिणगी आली. वाफेच्या इंजिनाच्या चिमणीतून धुराबरोबर जळते निखारे बाहेर पडत आणि मागच्या डब्यांवर येत. उघड्या वाघिणीत ताडपत्रीखाली रचलेल्या रुईला एक ठिणगी पुरे होती. घट्ट दाबलेली गासडी आतल्या आत धुमसत राहते. आग दिसते तोवर उशीर झालेला असतो. जोडलेल्या डब्याची अवस्था तांड्यातल्या शेवटच्या बैलासारखीच : पुढचा जे फेकील ते घ्यायचे.

१६/ या वेळी मात्र उपाय दोन्ही बाजूंनी झाला. मागे बंद वाघिणी आणि ताडपत्री. पुढे इंजिनाच्या धूरपेटीत ठिणग्या अडवणारी जाळी. या जाळीची अडचण बोलकी आहे. ती बारीक केली तर धुराचा ओढा मंदावतो, आग नीट पेटत नाही आणि इंजिनाचा जोर घटतो. ती विरळ ठेवली तर ठिणग्या सुटतात. म्हणजे मागच्याचे रक्षण करायचे तर पुढच्याला आपली थोडी ताकद सोडावी लागते. हा सौदा आजही प्रत्येक ओढणाऱ्या आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीत असतो.

१७/ रुळांनी लांबचा पल्ला सोडवला. शेत ते स्थानक ही वाट तशीच राहिली. खामगाव हे वऱ्हाडातील कापसाचे मोठे पेठेचे गाव मुख्य मार्गापासून दूर पडले, म्हणून १८७० मध्ये जलंब-खामगाव ही छोटी शाखा सुरू झाली. पण गावोगावी शाखा निघणे शक्य नव्हते. आता धूळ महिन्याची नव्हती, दिवसाची होती. तरी स्थानकाकडे जाणाऱ्या वाटेवर हंगामात गाड्यांची रांग लागे आणि मागच्या गाडीवर पुढचीची माती बसतच असे.

१८/ विसाव्या शतकारंभी मोटार आली आणि जुन्या रस्त्यांचे दुखणे उघडे पडले. जॉन मॅकॅडमच्या पद्धतीचा खडीचा रस्ता बारीक भुकटीने सांधलेला असतो. लोखंडी धाव ती भुकटी तयार करी आणि काही प्रमाणात पुन्हा दाबूनही टाकी. हवेचे रबरी चाक वेगाने जाताना तीच भुकटी मागे उपसून काढते. रस्ता सैल होतो, खडी सुटते, धुळीचे ढग उठतात. युरोपातही हीच ओरड झाली. १९०२ मध्ये मोनॅको येथे डॉ. गुग्लिएल्मिनेत्ती यांनी रस्त्यावर डांबर टाकून धूळ बसवली. १९०८ मध्ये पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय रस्ते परिषद भरली.

१९/ भारतात हा प्रश्न पद्धतशीरपणे हाताळणाऱ्या समितीचे अध्यक्ष मराठी होते : मुकुंद रामराव जयकर. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि तेथील जयकर ग्रंथालय ज्यांच्या नावाने आहे, तेच हे जयकर. १९२७ मध्ये नेमलेल्या रस्तेविकास समितीने १९२८ मध्ये अहवाल दिला. तिच्या शिफारशीनुसार पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली.

२०/ त्या दोन आण्यांचा अर्थ मोठा आहे. १८६३ च्या कायद्याने कापसावर, म्हणजे धूळ खाणाऱ्या मालावर, शुल्क लावले होते. १९२९ च्या व्यवस्थेने पेट्रोलवर, म्हणजे धूळ उडवणाऱ्या चाकावर, कर लावला. भार मागच्याकडून पुढच्याकडे सरकला. दोन्ही निर्णयांत सहासष्ट वर्षांचे अंतर आहे आणि खरे परिवर्तन याच अंतरात घडले.

२१/ डिसेंबर १९४३ मध्ये नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. तिच्या आराखड्याने राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हामार्ग, ग्रामरस्ते अशी वर्गवारी केली. विकसित शेतीप्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, हे तिचे एक उद्दिष्ट. उद्दिष्ट उदार होते. पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर शेवटच्या पाच मैलांच्या धुळीला त्यात मुभाच होती. खेड्यांना बारमाही रस्ते देणारी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू व्हायला डिसेंबर २००० उजाडावा लागला.

२२/ डांबराने धूळ बसली, तेव्हा खड्याचे युग सुरू झाले. नव्या डांबरीकरणानंतर उरलेली सुटी बारीक खडी, खड्ड्यांच्या कडेचे तुकडे, डंपरमधून सांडलेली वाळू. येथे एक समज दुरुस्त करायला हवा. खडा मागे फेकला जातो असे वाटते. बहुधा तसे नसते. फिरत्या चाकाचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणी जमिनीच्या तुलनेत स्थिर असतो. तेथून उडालेला खडा थोडा उंच जातो, फार मागे जात नाही. मागची गाडी ताशी ८० किलोमीटरने त्याच्यावर जाऊन आदळते. घाव तिच्या स्वतःच्या वेगाचा असतो.

२३/ म्हणून सर्वांत उपयोगी अडसर पुढच्या चाकाच्या अगदी मागे, जमिनीलगत लागतो. ट्रकच्या चाकांमागे टांगलेला रबरी पट्टा, मडफ्लॅप, तेच काम करतो. मोटरहोमवाले मागे पूर्ण रुंदीचा पट्टा लावतात, दोन गाड्यांच्या मध्ये जाळी ताणतात किंवा मागच्या मोटारीच्या तोंडावर कापडी आवरण चढवतात. यांतला शेवटचा उपाय फसवा आहे. कापड आणि रंग यांच्यामध्ये धूळ शिरली की वाऱ्याने फडफडणारे कापडच रंग घासून काढते. राखायला बांधलेले आवरण घासकागद होते.

२४/ कापसाची कथाही अशीच वळली. आज रुईची प्रत घसरवणाऱ्या गोष्टींत माती-पाचोळ्याबरोबर प्लॅस्टिकचे आणि तागाचे धागे असतात. ते येतात कोठून? बऱ्याचदा ज्या पोत्यांत आणि ज्या ताडपत्रीखाली कापूस जपला, त्यांच्यातूनच. प्लॅस्टिकचा धागा सुताबरोबर कातला जातो आणि कापड रंगवल्यावर वेगळा उठून दिसतो. म्हणून वेचणीसाठी सुती कापडाच्या पिशव्या वापराव्यात, असा सल्ला दिला जातो. फेब्रुवारी २००० मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेत बाजार आवारे आणि जिनिंग-प्रेसिंग सुधारण्यावर भर होता, त्यामागे हीच स्वच्छतेची चिंता होती.

२५/ या दोनशे वर्षांचा आलेख मांडला तर क्रम स्पष्ट दिसतो. लोखंडी धावेने धूळ दिली, वाफेच्या इंजिनाने ठिणगी, रबरी चाकाने खडा. चाक बदलले की मागच्याच्या वाट्याला येणारे संकट बदलते. न बदलणारी गोष्ट एक : पहिला उपाय नेहमी मागच्यानेच करावा अशी अपेक्षा असते. त्याने गोण शिवावी, ताडपत्री बांधावी, कापड चढवावे. पुढच्याला वळून पाहण्याची सक्ती नसते. त्याच्यापुढे वाट मोकळी असते.

२६/ टिकाऊ सुधारणा मात्र दुसऱ्या टोकाकडून आली : इंजिनातील जाळीने, पेट्रोलवरच्या दोन आण्यांनी, चाकामागच्या रबरी पट्ट्याने आणि शेवटी रस्त्याच्या डांबराने. आवरण निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. ते लागतेच, पण त्याच्यावर विसंबून राहिले की मूळ प्रश्न विसरला जातो आणि मळलेल्या मालाकडे पाहून मालकाच्या नियतीवर शंका घेणे सोपे होते.

२७/ बोदवडच्या बाजारात ट्रॉलीची ताडपत्री सुटते. व्यापारी मूठभर कापूस उचलतो, उजेडात धरतो, कचरा पाहतो आणि भाव सांगतो. १८६३ चा तपासनीस गासडीत हात घालून हेच पाहत होता. त्या मुठीत वाण, वेचणी आणि पाऊस असतो. शेतापासून आवारापर्यंतची वाटही असते. भावातून कचऱ्याची घट धरली जाते, तेव्हा त्यातला काही भाग रस्त्याच्या नावावर लिहायला हवा. अशी नोंद ठेवणारे खाते मात्र अजून कोणत्याही वहीत उघडलेले नाही.

(समाप्त)

#खानदेश #कापूस #रस्त्यांचा_इतिहास